पायथनमध्ये माहितीची फाइल उघडताना तिचा मार्ग कसा लिहावा

प्राथमिक शाळेच्या दप्तराचे स्वरूप अलीकडच्या काळात बरेच पालटले आहे. हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर, पोषण आहाराची नोंदवही यांच्या जोडीला आता संगणकावरील फाइली आल्या आहेत. यांपैकी पुष्कळशी माहिती तक्त्याच्या रूपात असते, आणि तीच बेरीज व तीच विभागणी दर महिन्यास करावी लागते. असे काम पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या दहापाच ओळींच्या प्रोग्रॅमकडून करून घेता येते. ही भाषा नेदरलँड्समधील ग्विडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संस्थेत असताना १९८९ च्या डिसेंबरात रचावयास घेतली व १९९१ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली. तिची वाक्ये सोपी असल्यामुळे, संगणकशास्त्र न शिकलेल्या शिक्षकासही ती थोड्या सरावाने आत्मसात होते.

तथापि नवशिक्या शिक्षकाची पहिली अडचण गणिताची नसते, ती फाइल सापडण्याची असते. प्रोग्रॅम बरोबर लिहिलेला असतो, फाइल डोळ्यांसमोर दिसत असते, आणि तरीही यंत्र ‘अशी फाइल नाही’ असे सांगते. याहून वाईट म्हणजे कधी कधी यंत्र कोणतीच तक्रार न करता भलतीच फाइल उघडते आणि चुकीचा आकडा बिनचूक छापून देते. या दोन्ही आपत्तींचे मूळ एकच आहे. ते म्हणजे फाइलचा मार्ग लिहिण्यातील संदिग्धता. प्रस्तुत लेखात या विषयाचा क्रमाने विचार केला आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. पायथनच्या आज्ञा येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन अक्षरांतच टंकावयाच्या असतात. फाइलींची आणि फोल्डरांची नावे मात्र देवनागरीतही ठेवता येतात.

१. मार्ग म्हणजे काय

जुन्या कचेऱ्यांत कागद रुमालात बांधून ठेवीत. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तर अशाच रुमालांत जतन केलेले आहे. तेथील एखादा कागद हवा असेल, तर ‘तो कागद आणा’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या विभागातील, कोणत्या रुमालातील, कोणता कागद हे क्रमाने सांगावे लागते. संगणकातही तसेच आहे. फाइल फोल्डरात असते, तो फोल्डर दुसऱ्या फोल्डरात असतो, आणि असे होत होत ही परंपरा एका मूळ स्थानापर्यंत जाते. मूळापासून किंवा ठरलेल्या एखाद्या स्थानापासून फाइलपर्यंत जाताना लागणाऱ्या फोल्डरांची नावे क्रमाने लिहिली, म्हणजे त्या लेखनास फाइलचा मार्ग किंवा पाथ म्हणतात.

पुढील विवेचनासाठी अशी मांडणी कल्पावी. संगणकाच्या सी ड्राइव्हवर ‘शाळा’ नावाचा फोल्डर आहे. त्यात ‘हिशेब.पीवाय’ हा प्रोग्रॅम आहे आणि ‘माहिती’ नावाचा फोल्डर आहे. ‘माहिती’ या फोल्डरात ‘२०२४-२५’ व ‘२०२५-२६’ असे दोन फोल्डर असून त्या प्रत्येकात ‘पट.सीएसव्ही’ ही फाइल आहे. दोन्ही फाइलींचे नाव एकच आहे. त्यांना वेगळे ओळखावयाचे साधन म्हणजे केवळ त्यांचा मार्ग होय.

२. पूर्ण मार्ग आणि सापेक्ष मार्ग

मार्ग दोन प्रकारांनी लिहिता येतो. पहिला पूर्ण मार्ग. तो मूळ स्थानापासून आरंभ होतो. उदाहरणार्थ,

सी:/शाळा/माहिती/२०२५-२६/पट.सीएसव्ही

टपालाच्या पाकिटावर गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड लिहावा, तसा हा मार्ग असतो. पत्र कोणत्याही गावाहून टाकले तरी ते ठरल्या घरीच पोहोचते.

दुसरा सापेक्ष मार्ग. उदाहरणार्थ,

माहिती/२०२५-२६/पट.सीएसव्ही

हा ‘देवळाच्या मागे दुसरे घर’ असे सांगण्याचा प्रकार आहे. ऐकणारा त्याच गावात उभा असेल, तर यासारखी सोपी खूण नाही. तो दुसऱ्या गावात असेल, तर तेथे देऊळ नसल्यामुळे तो परत येईल. पण तेथेही देऊळ असेल आणि त्याच्या मागे दुसरे घरही असेल, तर तो भलत्याच घरी जाऊन पोहोचेल व आपण चुकलो हे त्यास कळणारही नाही. सापेक्ष मार्गाचा गुण आणि दोष या एका दृष्टांतात सामावलेला आहे.

सापेक्ष मार्गात दोन खुणा नेहमी येतात. एक टिंब म्हणजे ‘चालू फोल्डर’ आणि दोन टिंबे म्हणजे ‘एक पायरी वर’. चालू फोल्डर ‘२०२४-२५’ असताना ‘../२०२५-२६/पट.सीएसव्ही’ असे लिहिले, तर यंत्र एक पायरी वर ‘माहिती’ या फोल्डरात जाते आणि तेथून शेजारच्या फोल्डरात शिरते.

३. प्रोग्रॅम कोठे उभा असतो

सापेक्ष मार्ग कोठून मोजला जातो, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की, प्रोग्रॅमची फाइल ज्या फोल्डरात आहे तेथून तो मोजला जातो. ही समजूत चुकीची आहे. पायथन हा मार्ग ‘चालू फोल्डर’ येथून मोजतो, आणि चालू फोल्डर कोणता हे प्रोग्रॅम कोठे ठेवला आहे यावर नव्हे, तर तो कोठून सुरू केला यावर अवलंबून असते.

आज्ञा लिहिण्याच्या खिडकीतून, म्हणजे टर्मिनलमधून, प्रोग्रॅम सुरू केला, तर त्या वेळी ती खिडकी ज्या फोल्डरात असेल तोच चालू फोल्डर होतो. पायथनबरोबर मिळणाऱ्या आयडल या संपादकातून प्रोग्रॅम चालविला, तर आयडल प्रोग्रॅमचाच फोल्डर चालू फोल्डर म्हणून धरतो. व्हीएस कोड या संपादकात सर्वसाधारणपणे जो फोल्डर उघडलेला असतो, तो धरला जातो. ज्युपिटर वहीत सामान्यतः वही जेथे ठेवली आहे तो फोल्डर असतो. यामुळेच एका संपादकात सुरळीत चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या संपादकात अडतो, आणि प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही न बदलता असे का व्हावे, हे शिक्षकास उमगत नाही.

संशय आल्यास प्रोग्रॅमच्या आरंभी पुढील दोन ओळी लिहाव्यात.

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
प्रिंट(पाथ.सीडब्ल्यूडी())

यांपैकी दुसरी ओळ चालू फोल्डरचा पूर्ण मार्ग पडद्यावर छापते. ‘मी येथे उभा आहे’ असे यंत्राकडून वदवून घेतल्यावर अर्धी अडचण तेथेच मिटते.

फाइल न मिळाल्यास पायथन ‘फाइलनॉटफाउंडएरर’ या नावाची चूक दाखवितो आणि ज्या मार्गाने शोध घेतला तो मार्गही शेवटच्या ओळीत छापतो. लाल अक्षरे पाहून गांगरून न जाता ती शेवटची ओळ प्रथम वाचावी. छापलेला मार्ग चालू फोल्डरपुढे जोडून पाहावा, आणि त्या ठिकाणी खरोखर फाइल आहे काय, हे स्वतः जाऊन तपासावे.

४. रेघ कोणत्या दिशेची

मार्गातील नावे तिरप्या रेघेने वेगळी करतात. ही रेघ दोन प्रकारची आढळते आणि त्यास इतिहास आहे. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत ‘/’ अशी उजवीकडे झुकलेली रेघ वापरीत. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरात फोल्डर ठेवण्याची सोयच नव्हती, आणि ‘/’ हे चिन्ह आज्ञेचे पर्याय सांगण्याकडे गुंतले होते. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरांची सोय झाली तेव्हा मार्गासाठी ‘\’ ही उलटी रेघ घेण्यात आली. विंडोजमध्ये ती आजतागायत चालू आहे.

पायथनमध्ये मात्र अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुरात उलट्या रेघेस स्वतंत्र अर्थ आहे. उलट्या रेघेपुढे रोमन ‘एन’ हे लहान अक्षर आले, तर दोन्ही मिळून ‘नवी ओळ’ असा अर्थ होतो. ‘टी’ हे लहान अक्षर आले, तर ‘टॅबची मोकळी जागा’ असा अर्थ होतो. त्यामुळे एखाद्या फोल्डरचे रोमन नाव ‘एन’ने किंवा ‘टी’ने सुरू होत असेल आणि विंडोजमधून उचललेला मार्ग जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये चिकटविला, तर मार्गाच्या मध्येच ओळ तुटते व फाइल सापडत नाही. विंडोजमध्ये वापरणाऱ्यांचे फोल्डर ‘यूजर्स’ या फोल्डरात असतात. त्या नावातील पहिले मोठे ‘यू’ अक्षर उलट्या रेघेपुढे आले, तर पायथन त्यास यूनिकोड अक्षराच्या क्रमांकाचा आरंभ समजतो, पुढे अपेक्षित आकडे न मिळाल्यामुळे ते वाक्यच अशुद्ध ठरवितो, आणि प्रोग्रॅम सुरूदेखील होत नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, सरळ ‘/’ ही रेघ लिहावी. विंडोजवरही पायथन ती स्वीकारतो. दुसरा, उलटी रेघ दोनदा लिहावी. तिसरा, अवतरणचिन्हापूर्वी रोमन ‘आर’ हे अक्षर लिहावे, म्हणजे आतील रेघा आहेत तशाच वाचल्या जातात. मात्र असा मजकूर एकट्या उलट्या रेघेने संपविता येत नाही. या तिहींत पहिला उपाय सर्वांत सोपा आणि सर्व प्रकारच्या संगणकांवर चालणारा आहे. नवशिक्याने तोच धरावा.

५. नावांतील बारकावे

मार्ग बरोबर असूनही फाइल मिळत नसेल, तर नाव अक्षरशः तपासावे. विंडोजमध्ये ओळखीच्या प्रकारच्या फाइलींचे शेपूट, म्हणजे टिंबानंतरचा भाग, बहुधा लपविलेले असते. त्यामुळे पडद्यावर ‘पट.सीएसव्ही’ असे दिसणाऱ्या फाइलचे खरे नाव ‘पट.सीएसव्ही.टीएक्सटी’ असू शकते. शेपटे दाखविण्याची सोय चालू करून हे पाहून घ्यावे. रोमन नावांत लहान व मोठ्या अक्षरांचा भेद लिनक्समध्ये मानला जातो, विंडोजमध्ये सामान्यतः मानला जात नाही. म्हणून शाळेतील विंडोज संगणकावर चाललेला प्रोग्रॅम लिनक्सच्या संगणकावर अडू शकतो.

देवनागरी नावांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. देवनागरी ‘२०२५’ आणि रोमन आकड्यांतील तीच संख्या आपल्या दृष्टीने एक असली, तरी यंत्राच्या दृष्टीने ती भिन्न चिन्हे आहेत. तसेच ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा र संगणकावर एकाहून अधिक रीतींनी टंकता येतो. कोणी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडून तो लिहितो, तर कोणी साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन लिहितो. दोन्ही नावे पडद्यावर सारखीच दिसतात, परंतु यंत्र त्यांस दोन वेगळी नावे समजते. तेव्हा तालुक्यांच्या किंवा गावांच्या नावांनी फाइली ठेवणाऱ्यांनी नाव पुन्हा टंकण्यापेक्षा मूळ नावाची नक्कल उचलून घ्यावी, हे श्रेयस्कर.

नाव तपासण्याचे काम पायथनकडूनच करवून घेता येते. ‘पाथ("माहिती/२०२५-२६").इटरडिर()’ ही आज्ञा त्या फोल्डरातील प्रत्येक नाव क्रमशः हाती देते. ती नावे एकेक करून छापली, म्हणजे यंत्रास प्रत्यक्षात काय दिसते ते आपणास दिसते. एखादी फाइल त्या जागी आहे की नाही, हे ‘इज_फाइल()’ या आज्ञेने हो किंवा नाही अशा उत्तरात कळते.

६. प्रोग्रॅमच्या जागेपासून मोजलेला मार्ग

पूर्ण मार्ग संदिग्ध नसतो हे खरे. पण त्यात एक मोठी उणीव आहे. तो एकाच संगणकापुरता खरा असतो. शिक्षकाने स्वतःच्या नावाच्या फोल्डरातील मार्ग प्रोग्रॅममध्ये लिहिला आणि पुढे त्याची बदली झाली, तर कार्यभार घेणाऱ्याच्या संगणकावर तो फोल्डर असण्याचे कारणच नाही. पेन ड्राइव्हवरील मार्गाचेही तसेच आहे. आज ज्या ड्राइव्हला ‘डी’ हे अक्षर मिळाले, त्यालाच दुसऱ्या संगणकावर ‘ई’ मिळू शकते.

यास्तव असा मार्ग लिहावयास हवा, की जो प्रोग्रॅम कोठूनही सुरू केला तरी बदलत नाही, आणि संपूर्ण फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेला तरी मोडत नाही. पायथनमध्ये अशी सोय आहे. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलचा मार्ग ‘__फाइल__’ या नावात साठविलेला असतो. त्याच्या आधारे प्रोग्रॅमचा स्वतःचा फोल्डर काढावा आणि तेथून पुढे मोजावे. मार्गाची कामे करण्यासाठी ‘पाथलिब’ हा भाग २०१४ साली, पायथनच्या ३.४ या आवृत्तीपासून भाषेबरोबरच मिळू लागला. त्याच्या साहाय्याने पुढीलप्रमाणे लिहिता येते.

फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ
जागा = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट
पट_फाइल = जागा / "माहिती" / "२०२५-२६" / "पट.सीएसव्ही"
विथ ओपन(पट_फाइल, एन्कोडिंग="यूटीएफ-८") ॲज फा:
    मजकूर = फा.रीड()

दुसऱ्या ओळीचा अर्थ असा. प्रोग्रॅमच्या फाइलचा मार्ग घ्यावा, तो पूर्ण करावा, आणि त्याचा ‘पेरेंट’ म्हणजे ती फाइल ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर काढावा. तिसऱ्या ओळीत त्या फोल्डरपुढे एकेक नाव ‘/’ या चिन्हाने जोडले आहे. येथे हे चिन्ह भागाकाराचे नसून मार्ग जोडण्याचे आहे. कोणत्या प्रणालीवर कोणती रेघ हवी, हे पाथलिब स्वतः पाहते. चौथ्या ओळीतील ‘यूटीएफ-८’ हा निर्देश मार्गाशी संबंधित नाही, परंतु तो गाळल्यास काही संगणकांवर फाइलमधील मराठी मजकूर विद्रूप वाचला जातो, किंवा वाचनच अडते. म्हणून तो लिहिण्याची सवय असावी. तक्ते वाचण्यासाठी पांडाज या साधनातील ‘रीड_सीएसव्ही’ ही आज्ञा वापरणाऱ्यांनीही हाच ‘पट_फाइल’ मार्ग तिला द्यावा.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ज्युपिटर वहीत किंवा आज्ञा एकेक टंकून चालविताना ‘__फाइल__’ हे नाव उपलब्ध नसते, कारण तेथे प्रोग्रॅमची अशी फाइलच नसते. अशा वेळी प्रथम चालू फोल्डर छापून पाहावा आणि मग तेथून मार्ग लिहावा.

७. न दिसणारी चूक

फाइल न सापडणे ही चूक त्रासदायक असली, तरी ती प्रामाणिक आहे. ती काम थांबविते आणि लक्ष वेधते. खरी काळजी करावयाची ती भलती फाइल सापडण्याची. हे कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, पहिली ते पाचवीच्या एका शाळेचा पट २०२४-२५ मध्ये ४१ होता आणि २०२५-२६ मध्ये तो ४८ झाला. पोषण आहारात या इयत्तांसाठी प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्याचे प्रमाण आहे. धान्याची मागणी काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शिक्षकाने केवळ ‘पट.सीएसव्ही’ एवढाच मार्ग लिहिला आहे. रोज तो प्रोग्रॅम चालू वर्षाच्या फोल्डरातून सुरू करतो, म्हणून उत्तर बरोबर येते. एके दिवशी काही तुलना करण्यासाठी तो गतवर्षीचा फोल्डर खिडकीत उघडतो आणि तेथूनच प्रोग्रॅम चालवितो. तेथेही ‘पट.सीएसव्ही’ आहेच. यंत्र ती उघडते, ४१ मुले मोजते आणि रोजचे ४ किलो १०० ग्रॅम धान्य लागेल असे छापते. वास्तविक ४ किलो ८०० ग्रॅम हवे. फरक रोजचा ७०० ग्रॅमचा, आणि महिन्यात शाळा २४ दिवस भरली तर १६ किलो ८०० ग्रॅमचा झाला. लाल अक्षर एकही उमटले नाही. पण सात मुलांचे ताट त्या हिशेबात धरलेच गेले नाही, आणि ही सात मुले बहुधा या वर्षी नव्याने दाखल झालेली, म्हणजे शाळेतील सर्वांत लहान असणार.

शिष्यवृत्तीच्या यादीत, पाठ्यपुस्तकांच्या मागणीत किंवा गणवेशाच्या हिशेबात असेच घडू शकते. कागदावरील चूक दुसऱ्याच्या नजरेस पडते. यंत्राने छापलेल्या आकड्यावर मात्र लोक सहसा शंका घेत नाहीत. म्हणून पुढील दक्षता घ्यावी.

पहिली गोष्ट, मार्गात वर्षाचा फोल्डर स्पष्ट लिहावा. नुसते फाइलचे नाव लिहून थांबू नये. दुसरी, प्रोग्रॅमने उत्तराआधी कोणती फाइल वाचली तिचा पूर्ण मार्ग आणि तीत किती नोंदी मिळाल्या ती संख्या छापावी. ‘प्रिंट(पट_फाइल)’ ही एक ओळ मार्गापुरती पुरेशी आहे. नोंदींची संख्या हजेरीपत्रकाशी ताडून पाहावी. तिसरी, तक्त्यातच शैक्षणिक वर्षाचा एक रकाना ठेवावा आणि तो अपेक्षित वर्षाशी न जुळल्यास प्रोग्रॅम थांबेल असे करावे. चौथी, ‘ही फाइल न मिळाल्यास दुसरी घ्यावी’ अशी सोय प्रोग्रॅममध्ये करू नये. फाइल नसेल तर काम थांबणे हेच योग्य होय.

फाइल लिहिताना तर अधिकच सावध असावे. वाचावयाची फाइल नसली तर पायथन तक्रार करतो, परंतु लिहिण्यासाठी उघडलेली फाइल नसली, तर तो चालू फोल्डरात त्या नावाची नवी फाइल मुकाट्याने तयार करतो. त्या नावाची फाइल अगोदरच असेल, तर ‘डब्ल्यू’ या प्रकाराने उघडताच तिच्यातील जुना मजकूर पुसला जातो. म्हणून निकाल वेगळ्या फोल्डरात लिहावा, मूळ माहितीच्या फोल्डरात लिहू नये.

८. वर्गात हे कसे समजावावे

वरच्या इयत्तांतील जिज्ञासू मुलांना हा विषय यंत्राशिवायही शिकविता येतो. दोन चिठ्ठ्या कराव्यात. एकीवर ‘चौथीचा वर्ग, खिडकीजवळचे कपाट, वरचा खण’ असे लिहावे. दुसरीवर ‘दोन पावले पुढे, उजव्या हाताचे कपाट, वरचा खण’ असे लिहावे. दोन मुलांस चौथीच्या वर्गात अशा जागी उभे करावे, की जेथून दोन्ही चिठ्ठ्या त्याच खणाकडे नेतील. दोघेही एकच वस्तू घेऊन येतील. त्यानंतर दोघांस दुसऱ्या वर्गात नेऊन पुन्हा त्याच चिठ्ठ्या द्याव्यात. पहिला तीच वस्तू आणील. दुसरा कदाचित रिकाम्या हाताने परतेल, आणि त्या वर्गातही उजवीकडे कपाट असेल, तर निराळीच वस्तू आणून ती बरोबर आहे असे सांगेल. त्या क्षणी मुलांना विचारावे, ‘दोघांपैकी कोण अधिक फसला, रिकाम्या हाताने येणारा की चुकीची वस्तू आणणारा?’ या प्रश्नाची चर्चा झाली, म्हणजे पूर्ण मार्ग, सापेक्ष मार्ग आणि चालू फोल्डर या तिन्ही कल्पना व्याख्येवाचून मुलांच्या ध्यानी येतात.

९. सारांश

(१) सापेक्ष मार्ग प्रोग्रॅमच्या जागेपासून नव्हे, तर चालू फोल्डरपासून मोजला जातो.
(२) फाइल न सापडल्यास प्रथम चालू फोल्डर छापून पाहावा, मग नाव अक्षरशः तपासावे.
(३) मार्गात ‘/’ ही रेघ वापरावी. उलटी रेघ टाळावी.
(४) प्रोग्रॅम फाइलमध्ये लिहिला असेल, तर ‘__फाइल__’ व पाथलिब यांच्या साहाय्याने त्याच्या स्वतःच्या फोल्डरपासून मार्ग मोजावा.
(५) प्रोग्रॅम, माहिती आणि निकाल एकाच मुख्य फोल्डरात, परंतु स्वतंत्र जागी ठेवावेत.
(६) कोणती फाइल वाचली आणि तीत किती नोंदी होत्या, हे प्रोग्रॅमने दर वेळी सांगावे.

शिक्षकाची बदली होते तेव्हा तो दप्तर यादीनिशी हवाली करतो आणि नवीन शिक्षक ते मोजून ताब्यात घेतो. संगणकावरील दप्तरासही हाच न्याय लावावयास हवा. मुख्य फोल्डर जसाच्या तसा उतरवून घेतला आणि प्रोग्रॅम पहिल्याच प्रयत्नात योग्य वर्षाची फाइल उघडून चालला, तर ते दप्तर नीट हवाली झाले असे समजावे. त्यासाठी मार्ग लिहिताना दोन ओळी अधिक खर्ची पडतात. त्या दोन ओळींवर पुढील वर्षीच्या पटावरील शेवटच्या मुलाचाही हक्क अवलंबून असतो, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या लिहिण्याचा कंटाळा येणार नाही.